मदत हवी आहे : हंट्सव्हिल (अलाबामा) येथे एच-४ (जोडीदाराच्या व्हिसावरील) कामाच्या परवान्यावर नोकरी
यजमानांच्या बदलीमुळे आम्ही लवकरच अटलांटाहून हंट्सव्हिलला जाणार आहोत. तेथील काही रहिवासी मोकळे रस्ते आणि शेजारच्या मॅडिसनमधील शाळा यांची तोंडभरून स्तुती करतात, तर काहींच्या मते गाडीशिवाय पान हलत नाही आणि वसंतात टोर्नेडोच्या इशाऱ्याचे भोंगे जीव खातात. दोन्ही बाजू खऱ्याच असाव्यात. माझी अडचण मात्र वेगळी आहे. रेडस्टोन आर्सेनल हा लष्करी तळ व नासाचे मार्शल अवकाश केंद्र यांच्याभोवतीच्या अनेक जागांना अमेरिकी नागरिकत्व लागते आणि माझ्याकडे केवळ एच-४ वरील कामाचा परवाना आहे. हडसनअल्फा या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या व माझदा-टोयोटा कारखान्याच्या जाहिराती पाहून झाल्या असून घरून करण्याचे काम नको आहे. संरक्षण क्षेत्राबाहेर सॉफ्टवेअर चाचणीची नोकरी तेथे अशा परवान्यावर कोणास मिळाली आहे का, आणि ती कोणत्या मार्गाने?