प्लेसमेंटचे तास मोजायचे की काम बघायचं?

(चौघांची चर्चा. प्रत्येकाच्या म्हणण्यावर त्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

सरकारी मानसोपचार विभागात मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची क्लिनिकल प्लेसमेंट, म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा काळ, बहुतेक वेळा तासांवर पूर्ण होते. लॉगबुकात ठरलेले तास, ठरलेल्या केस हिस्टऱ्या, ठरलेल्या चाचण्या आणि खाली सही. माझ्या मते सुपरव्हायझरने, म्हणजे देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाने, स्वतः पाहिलेलं किंवा रेकॉर्डिंगवर ऐकलेलं कामच प्रशिक्षण म्हणून धरावं. बाकीचे तास म्हणजे हजेरी.

विद्यार्थी सुपरव्हिजनमध्ये सांगतो ते त्याच्या लक्षात आलेलं. जे निसटलं ते त्याच्या तोंडून येणार कसं? पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचंच घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ८ आली, ५ ते ९ म्हणजे सौम्य, म्हणून विद्यार्थी लिहितो, ‘सौम्य नैराश्य, तीन आठवड्यांनी फॉलोअप.’ पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो आणि रुग्णाने तिथे १ वर खूण केलेली असते. शून्याच्या वर काहीही असलं की बेरीज बाजूला ठेवून त्याच भेटीत विचारायला हवं. विचार किती वेळा येतात, पद्धत मनात ठरली आहे का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का, आजवर कशामुळे थांबलात. सुपरव्हायझरपर्यंत ‘पीएचक्यू ८’ एवढंच पोचलं तर तोही पुढच्या केसकडे वळतो. म्हणून मूळ कागद समोर हवा.

क्रम असा असावा. आधी नुसतं बसून बघणं. मग जोडीने इनटेक (रुग्णाची पहिली सविस्तर मुलाखत), त्यात एमएसई, म्हणजे रुग्णाच्या मानसिक स्थितीची तपासणी, विद्यार्थ्याने करायची. मग विद्यार्थी पुढे, सुपरव्हायझर खोलीत. मग विद्यार्थी एकटा, पण सुपरव्हायझर त्याच इमारतीत. फोनवर असणं चालणार नाही, कारण रुग्णाला घरी सोडायचं की थांबवायचं हा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो.

पारवा

तत्त्व मान्य, हिशेब अमान्य. एका विद्यार्थ्यामागे आठवड्याला एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन, एक तास रेकॉर्डिंग ऐकणं, दहा नोंदी तपासून सही करणं (नोंदीला सहा मिनिटं धरली तरी एक तास) आणि अर्धा तास मध्येच उद्भवणाऱ्या शंकांचा. झाले साडेतीन तास. चार विद्यार्थी असतील तर चौदा. हे तास येणार कुठून? त्याच ओपीडीतून. म्हणजे बाहेर बसलेल्या रुग्णांची वेळ कापून. असा नियम झाला की विभाग सरळ जागा कमी करतील, चारऐवजी एक विद्यार्थी घेतील.

शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचा प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस हा समुपदेशनाचा छोटा कार्यक्रम बघा. ९० मिनिटांची पाच सेशन्स, तीही मानसोपचाराची पदवी नसलेल्या, थोडक्यात प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी घ्यायची. त्याचा उपयोग होतो हे चाचण्यांमध्ये दिसलं आहे. मग मानसशास्त्रात पदव्युत्तर शिकणाऱ्याला महिनोन्‌महिने खुर्चीत बसवून ठेवायचं कशासाठी?

निरगाठ

पारवा, तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो कार्यक्रम चालतो कारण प्रत्येक सेशनमध्ये काय करायचं ते ठरलेलं आहे, सुपरव्हिजन नियमित आहे आणि कोणाला घ्यायचं नाही हेही आधीच लिहिलेलं आहे. आत्महत्येचा तातडीचा धोका असलेला माणूस किंवा सायकोसिससारखा (वास्तवाचं भान सुटणारा) गंभीर आजार असलेला माणूस पुढे पाठवायचा. ओपीडीत विद्यार्थ्यासमोर येणाऱ्या रुग्णाची अशी चाळणी झालेली नसते. नावापुढे नुसतं ‘झोप येत नाही’ लिहिलेलं असतं.

निसटण्याची आणखी एक जागा म्हणजे सेफ्टी प्लॅन, आत्महत्येचे विचार आले तर काय करायचं हे रुग्णासोबत बसून लिहिलेला कागद. स्टॅनली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या आराखड्यात सहा पायऱ्या आहेत: धोक्याची चिन्हं, स्वतः करता येतील अशा गोष्टी, लक्ष दुसरीकडे वळवणारी माणसं आणि ठिकाणं, मदत मागता येईल असे जवळचे लोक, तज्ज्ञ आणि सेवा, आणि आसपासची साधनं दूर करणं. विद्यार्थी पहिल्या पाच छान भरतात, सहावीपुढे लिहितात ‘घरच्यांना सांगितले.’ काय सांगितलं? गोळ्या कोणाच्या ताब्यात, एका वेळी किती दिवसांच्या द्यायच्या, कीटकनाशक किंवा दोर घरात कुठे आहे, ते कोण हलवणार आणि आजच हलवणार का, हे नाव आणि वेळेसकट लिहिलेलं हवं. फॉर्म पूर्ण भरलेला दिसतो म्हणून ही चूक कागदावर कळत नाही, खोलीत बसलं की लगेच कळते.

उंबरठा

सुपरव्हायझरच्या तासांबद्दल पारवांचं म्हणणं खरं आहे, पण त्याचं उत्तर तास लपवणं हे नाही. प्लेसमेंटच्या करारातच विद्यापीठाने ते मांडावेत आणि तेवढ्या रुग्णसंख्येतून सुपरव्हायझरला सूट मिळावी. इंग्लंडमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटचे प्रशिक्षणार्थी एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, पगारी कर्मचारी असतात. विद्यार्थी फुकट राबतो तिथे त्याला ‘हे मला जमणार नाही’ म्हणायची भीती वाटते आणि विभागाला त्याच्याकडून जास्त काम काढण्याचा मोह होतो.

अंतर्नाद

तुमच्या तिघांच्या वादात प्लेसमेंटचा शेवट राहूनच गेला. वॉर्डातून डिस्चार्ज झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे, त्यातही पहिला आठवडा, आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा. नेमका तेव्हाच विद्यार्थ्याचा कालावधी संपला तर रुग्णाला ओळखणारं माणूस नाहीसं होतं. फाइलमध्ये ‘केस हस्तांतरित’ असतं, रुग्णाला मात्र कोणाकडे जायचं ते ठाऊक नसतं.

शेवटच्या महिन्यात नवी दीर्घकालीन केस देऊच नये. निरोपाची तारीख पहिल्याच सेशनला सांगावी आणि शेवटच्या तीन भेटींत तिची पुन्हा आठवण करून द्यावी. हस्तांतराची एक भेट जुना आणि नवा दोघांनी मिळून घ्यावी. हस्तांतराच्या नोंदीत निदानापेक्षा जास्त उपयोगाचं असतं ते हे: काय बोललं की रुग्ण गप्प होतो, कोणता नातेवाईक फोन उचलतो, आणि मागच्या वेळी तो बिघडला तेव्हा सगळ्यात आधी काय दिसलं होतं.

पारवा

अंतर्नाद, हस्तांतराबद्दल पूर्ण सहमत. त्याला पैसे लागत नाहीत, वेळापत्रक लागतं.

पण उंबरठा, प्रत्येक तास पाहायचा, हा हट्ट सोडा. विद्यार्थ्याने सगळं रेकॉर्ड करावं, सुपरव्हायझरने त्यातली दर आठवड्याला दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे निवडून ऐकावेत. निवड विद्यार्थ्याची नको, तो चांगलंच सेशन आणणार. धोक्याच्या केसला मात्र सूट नाही, ती पूर्ण बघायची.

निरगाठ

तुकड्यांची कल्पना चालेल, पण रेकॉर्डिंगची संमती नीट घ्या. सरकारी सेवेत येणाऱ्याला दुसरीकडे जाणं परवडत नाही, नाही म्हटलं तर उपचार थांबतील असं वाटून तो हो म्हणतो. विद्यार्थ्याने विचारलं की हा दाब वाढतो. ते काम नोंदणीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने करावं आणि स्पष्ट सांगावं: आज तुम्हाला बघणारी व्यक्ती प्रशिक्षणार्थी आहे, तिच्यावर देखरेख करणारे हे, रेकॉर्डिंग इतक्या दिवसांनी पुसलं जाईल, नकार दिलात तरी नंबर मागे जाणार नाही. आणि नकार देणाऱ्याला खरोखरच त्याच रांगेत, त्याच दिवशी बघितलं गेलं पाहिजे.

पारवा

हे मान्य. फक्त जिथे एका खोलीत तीन टेबलं लागतात तिथे रेकॉर्डिंग करूच नका, शेजारच्या टेबलावरच्या रुग्णाचं बोलणंही त्यात जातं आणि त्याची संमती कोणीच घेतलेली नसते. अशा ठिकाणी सुपरव्हायझरने आठवड्याला एक इनटेक शेजारी बसून बघावा, त्यावर त्याच दिवशी बोलावं आणि लॉगबुकात त्याचा वेगळा रकाना असावा.