१९५२ : फिनलंडचं अभिमानाचं वर्ष की नुसता देखावा?

मिलिंद:
१९५२चं हेलसिंकी ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधवांचं ब्राँझ आठवतं, पण यजमान देशात त्या वर्षी काय काय चाललं होतं ते आपल्याकडे कोणी बोलतच नाही. जूनमध्ये आर्मी कूसेला पहिली मिस युनिव्हर्स झाली, जुलैत त्यांचा जुना नामवंत धावपटू पावो नुर्मी मशाल घेऊन स्टेडियममध्ये धावत आला, आणि सप्टेंबरमध्ये सोव्हिएत युनियनला द्यायच्या युद्धभरपाईची शेवटची मालगाडी सरहद्द पार करून गेली. जेमतेम ४० लाखांचा देश, ८ वर्षं जहाजं, रेल्वे इंजिनं, यंत्रं, लाकूड, कागद देत राहिला आणि देणं फेडलं. युद्धानंतरच्या युरोपात एवढं मोठं वर्ष दुसऱ्या छोट्या देशाचं मला तरी दिसत नाही.

गार्गी:
अभिमान कसला यात? ३० नोव्हेंबर १९३९ला हल्ला केला सोव्हिएतने, सरहद्दीवरचा कारेलिया प्रांत गेला, ४ लाखांवर लोक घरदार सोडून आले, आणि वर भरपाई फिनलंडनेच द्यायची. चोर तो चोर वर शिरजोर. ३० कोटी डॉलरचा माल ठरवला तोही १९३८च्या भावाने धरून, त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी जास्त गेला. आणि ऑलिंपिक चालू होतं तेव्हाही राजधानीपासून ३० किमीवरचा पोर्ककलाचा किनारी भाग सोव्हिएत नौदलाच्या ताब्यात होता. हेलसिंकी-तुर्कू ट्रेन त्या भागातून जायची तेव्हा सोव्हिएत इंजिन जोडायचे आणि डब्यांच्या खिडक्या बाहेरून बंद करायचे. स्वतःच्याच देशात बाहेर बघायची बंदी!

प्रशांत:
गार्गी, १९४१ गाळू नका ना. जर्मनीबरोबर फिनलंड पुन्हा युद्धात उतरलं आणि जुन्या सरहद्दीच्याही पलीकडे, सोव्हिएतच्या पूर्व कारेलियात शिरलं, लेनिनग्राडच्या उत्तरेला त्यांचंच सैन्य होतं. भरपाई १९४४च्या शस्त्रसंधीत आली ती त्यामुळे. नुसती खंडणी म्हणून कसं चालेल?

मिलिंद:
+१. आणि १९४८ मध्ये सूट मिळून आकडा २२.६५ कोटींवर आला हेही धरा. मुख्य म्हणजे या देशाचा भर लाकूड आणि कागदावर होता, भरपाईत जहाजं नि यंत्रं मागितल्यामुळे गोद्या आणि कारखाने वाढवावेच लागले, पुढे तेच उपयोगी पडले.

गार्गी:
हो, आणि त्याच कारखान्यांना पुढे ऑर्डरी कोणाच्या? बऱ्याचशा सोव्हिएतच्याच. मार्शल प्लॅनची, म्हणजे युद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने देऊ केलेली मदतसुद्धा मॉस्को नाराज होईल म्हणून नाकारावी लागली. १९४१ची चूक मान्य, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली ते कारेलियातले शेतकरी, त्यांनी काय ठरवलं होतं?

स्वप्नील (कऱ्हाड):
खाशाबा आमच्या गोळेश्वरचे म्हणून लिहितो. जपानच्या इशीशी लढत झाल्यावर विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, हे इकडे पोरासोरांना पाठ आहे. पण सोव्हिएत युनियनचं ते पहिलंच ऑलिंपिक, त्यांचे खेळाडू हेलसिंकीजवळच्या ओटानिएमीत वेगळे ठेवलेले, आणि तरी अमेरिकन आणि रशियन एकाच मैदानात उतरले. दोघांनाही चालेल असा यजमान होणं सोपं नव्हतं, मी मिलिंदच्या बाजूने.

गार्गी:
यजमान चांगलेच होते, त्यावर वादच नाही. पण ५० वर्षांसाठी घेतलेलं पोर्ककला जानेवारी १९५६ मध्येच परत मिळालं आणि लोक आपापल्या घरी गेले. मोठं वर्ष मी ते म्हणेन. कारेलियावाल्यांना तर तेही मिळालं नाही.