मदत हवी आहे : जुन्या चर्चची भिंत, कौलं आणि सागवानी व्यासपीठ

नमस्कार मंडळी. नवापूर तालुक्यातल्या आमच्या गावचं चर्च जुनं आहे. दगडी पाया, चुन्यातल्या जाड विटांच्या भिंती, कमानी खिडक्या आणि वर मंगळुरी कौलं. (बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून रूढ झालेला घाट.)

चार वर्षांपूर्वी एका गवंड्यानं आतून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडून धरतं. आता गिलाव्याच्या वर पांढरे क्षार फुटलेत, नख लावलं की पोपडा हातात येतो. व्यासपीठाची मागची फळी त्याच भिंतीला टेकलेली, तिला खालून वाळवी लागलीय. पायऱ्या मात्र अजून ठणठणीत. पाळकांच्या पावलांनी मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात, त्या बदलू नयेत असं मला वाटतं. बाकड्यांवर कुणीतरी चॉकलेटी ऑइलपेंट फासलाय, त्याबद्दल न बोललेलं बरं.

पंचकमिटी म्हणते, नाताळाआधी सगळं उरका, वर पत्रे टाका. पत्र्यावर पावसाळ्यात उपदेश ऐकू येईल का, तुम्हीच सांगा!

तर धुळे-नंदुरबारकडे घाणीत (म्हणजे दगडी चाक फिरवायच्या गोल चरात) चुना मळून काम करणारा गवंडी कुणाला माहीत आहे का? सिमेंट खरवडल्यावर भिंत किती दिवस उघडी ठेवावी? सागावरचा ऑइलपेंट लाकूड न खरचटता कसा काढायचा? आणि जुन्या वाड्यांची उतरवलेली कौलं कुठे मिळतील? साधारण दोनशे लागतील.