मदत हवी: फाउंड्रीतला वाळूचा पट्टा डावीकडे पळतोय

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री (धातूचं ओतकाम) आहे. नॉकआउटवर (ओतलेला माल काढायला वाळूचे साचे फोडतात ती जागा) साचे फुटले की वाळू कन्व्हेयर पट्ट्यावरून परत हॉपरकडे (वाळू साठवायच्या टाकीकडे) जाते. हल्ली हा पट्टा डावीकडे पळतोय. कड बाजूच्या लोखंडी चॅनेलला घासून आतलं कापड दिसायला लागलंय. फिटर येतो, टेल पुलीचा (मागच्या टोकाच्या ड्रमचा) डावा टेक-अप बोल्ट (पट्टा ताणायचा बोल्ट) आवळतो, पाळीभर बरं चालतं, की पुन्हा तेच. एकाने ड्रमवर चिकट राळ टाका म्हणून सांगितलं. नवीन पट्टा घालायला खर्च मोठा, आणि तोही असाच घासला तर? नेमकं बघायचं कुठे?

निपाणीकर: राळ अजिबात नको. हेड ड्रम (पुढच्या टोकाचा, मोटरवर फिरणारा) पट्ट्याला ओढतो तो नुसत्या घर्षणावर. ड्रम फिरतोय आणि पट्टा जागचा हलत नाही, अशा वेळी लोक राळ टाकतात. तुमचा रोग वेगळा. पट्ट्याचा ठरावीक तुकडाच सगळीकडे डावीकडे जातो का? मग जोड तिरका बसलाय. सगळा पट्टा एकाच जागी सरकत असेल तर तिथले रोलर बघा. रोलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी टेकतो तिकडे तो जातो. म्हणून त्या जागेच्या अलीकडच्या रोलरचं डावं टोक चालीच्या दिशेने किंचित पुढे घ्या. एका वेळी एकच रोलर, मग चार फेऱ्या होऊ द्या. आमच्या साखर कारखान्यात ऊस, बगॅस (उसाचा चोथा) साखळी-पाट्यांवर जातात, तिथे ही कटकट नाही. पोत्यांच्या पट्ट्यावर मात्र दर हंगामात हेच.

मूळ प्रश्नकर्ता: आत्ताच बघून आलो. रिकामा अगदी सरळ चालतो! वाळू पडली की सरकतो.

निपाणीकर: मग रोलरना हात लावू नका, च्यूट (वाळू पट्ट्यावर सोडणारी घसरण) बघा. वाळू उजवीकडे जास्त पडत असणार. तीन रोलरच्या खोलगट पट्ट्यात ओझं मध्यभागी उतरायला बघतं आणि पट्ट्याला डावीकडे ढकलतं. च्यूटमध्ये एक पत्रा तिरका वेल्ड करून धार मधोमध आणा. टेल ड्रमही (तीच टेल पुली) बघा. बेंटोनाइटची (चिकट मातीची) ओली वाळू एका बाजूला थापली गेली की ड्रम तिकडे जाड होतो, नि बोल्ट कितीही आवळा, टिकत नाही. खरवडताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. चालू पट्ट्यात गज घालून वाळू काढणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत.