इंग्लंडच्या राजांनी सोन्याची नाणी इतकी उशिरा का काढली?

नाणेवेडा: तिसऱ्या हेन्रीनं १२५७ ला सोन्याची पेनी काढली ना, मग पुढे ८०-९० वर्षं काहीच कसं नाही?

टाकसाळ: कारण ती चाललीच नाही. वजन चांदीच्या दोन पेन्यांएवढं आणि किंमत २० पेन्स, पण आतलं सोनंच त्याहून महाग पडायचं मग लोकांनी वितळवली, आज अगदी मोजक्याच उरल्यात. सिंहासनावर बसलेला राजा आहे त्यावर, फार देखणं काम.

जुनी_मोहर: तिसऱ्या एडवर्डचंही आधी फसलंच की! १३४४ ला ६ शिलिंगचं (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पाउंड) फ्लोरिन नावाचं सोन्याचं नाणं काढलं, त्यात उलट झालं, सोन्याची किंमत जास्त धरलेली म्हणून व्यापारी घेईनात, काही महिन्यांत बंद. त्याच वर्षी नोबल नावाचं सोन्याचं नाणं आलं, ६ शिलिंग ८ पेन्स म्हणजे बरोब्बर पाउंडाचा तिसरा हिस्सा, हिशोबाला सोप्पं, आणि ते टिकलं. जहाजात उभा राजा, हातात तलवार अन् ढाल, बरेच जण ते १३४० च्या स्लॉइसच्या, फ्रान्सवरच्या आरमारी विजयाशी जोडतात. माझ्या मते मध्ययुगातलं सगळ्यात सुंदर नाणं हेच.

नाणेवेडा: भारी! आणि एंजल नावाचं सोन्याचं नाणं?

टाकसाळ: ते चौथ्या एडवर्डचं, १४६५ च्या आसपास. किंमत नोबलची जुनीच, म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्स, वर ड्रॅगनला मारणारा देवदूत सेंट मायकल.