जुनी डिझेल मर्सिडीज: टर्बो घ्यावी की बिनटर्बो?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): जुनी मर्सिडीज ३०० डी घेण्याचा विचार आहे. गायमुख घाटात बिनटर्बो इंजिन दमेल का, की टर्बोच्या दुरुस्तीचा खर्च अधिक जड जाईल?

उत्तर (नेरूळ): १९७८ मध्ये ३०० एसडी या गाडीत ३ लिटरच्या ५ सिलिंडर इंजिनाला टर्बो जोडला गेला आणि एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारे टर्बाइन जादा हवा कोंबत असल्याने तेवढ्याच इंजिनातून अधिक ताकद मिळू लागली, मात्र टर्बोचा दांडा इंजिनाच्याच ऑइलवर फिरतो आणि इंजिन बंद होताच तापलेल्या दांड्याला ऑइल मिळणे थांबते, म्हणून घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये.

उत्तर (कळवा): माझी बिनटर्बो आहे. घाटात ती धीराने चढते, पण बिघडण्याजोगे भाग कमी, हे मला मोलाचे वाटते. टर्बोची पाहताना इनटेकचा (इंजिनात हवा नेणारा) रबरी पाइप काढून आत बोट फिरवावे. ऑइलचा हलका थर चालतो, थारोळे दिसल्यास व्यवहार सोडून द्यावा.