मूकपटातली सुलोचना म्हणजे नेमकी कोण?

प्रश्न: फाळके पुरस्काराच्या यादीत १९७३ ला सुलोचना नाव दिसलं, मला वाटलं आपल्या सुलोचनादीदी, पण आई म्हणते ती वेगळी, जुन्या मूकपटांतली. कुणाला माहितीये का?

उत्तर १: आई बरोबर आहे. ही रूबी मायर्स, पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू घरातली मुलगी. आधी टेलिफोन ऑपरेटर होती, मग कोहिनूर या सिनेमा कंपनीत आली आणि नंतर इंपीरियलमध्ये. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने एकटीने ८ भूमिका केल्या, त्यात माळी काय, पोलीस काय, सगळं आलं! केवढी ताकदीची बाई.

उत्तर २: बोलपट आले तेव्हा मात्र अडलं, कारण हिंदुस्थानी नीट येत नव्हती, मग वर्षभर काम थांबवून भाषा शिकली आणि १९३२ ला ‘माधुरी’तून परत आली. मला याचं फार कौतुक वाटतं.

उत्तर ३: अजून एक, १९२८ आणि १९३५ च्या दोन्ही अनारकली तीच, आणि १९५३ च्या ‘अनारकली’त सलीमची आई झाली. तो सिनेमा परत बघशील तेव्हा जोधाबाईकडे नीट बघ.

प्रश्नकर्ता: बापरे, तो तर मी बघितलाय! आजच आईसोबत परत लावते.